खिडकीवर सांगितलेलं नाव

११ जानेवारी १९५४, डोंबिवली
कुसुमचा रिपोर्ट आजही नाही. ठाण्याच्या इस्पितळात गर्भाशयाच्या तोंडाचा बारीक तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला, त्याला महिना होत आला. डॉक्टरीणबाई आठ-दहा दिवस म्हणाल्या होत्या. वासू, माझा धाकटा भाऊ, बायकोच्या काळजीने तेच वर्तमानपत्र परत परत उलटतो. तिचं अंगावर जाणं थांबलेलं नाही. सांगत नाही, धुणं वाळत घालताना कळतं.

१६ जाने.
सकाळची शाळा आटोपून ठाणे. खिडकीवरचा कारकून: "कुसुम लेले नावाचं काही आलेलं नाही." नीट पाहा म्हटलं. "बाई, पाहिलं हो."
शेजारच्या मनूताई आणि आणखी दोघी माझ्याच आग्रहाने तपासून घेणार होत्या. आज म्हणतात, "आधी कुसुमचं कळू दे. कापायचं आणि वर गप्प बसायचं, हे कसलं तपासणं?" मी चांगलं फटकारलं. पण ते काही उत्तर नव्हे.

२० जाने.
सातवीवर विनाकारण ओरडले.
कुसुम पोळ्या लाटता लाटता: "वन्सं, वाईट असतं तर लगेच कळवलं असतं ना?" हो म्हटलं. मला काय ठाऊक.

२२ जाने.
घरी हळदीकुंकू. बायकांनी कुसुमला नाव घ्यायला लावलं. उखाण्यात वासुदेवराव अगदी खणखणीत. मी तिळगूळ वाटत होते, हात थांबला. एरवी हे नाव तिच्या तोंडून कधी निघत नाही. मग तुकडा काढला त्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीवर, मी बाहेर टांगेवाल्याशी बोलत असताना...
बायका गेल्यावर विचारलं. "नवऱ्याचं नाव विचारलं त्यांनी. परक्या पुरुषापुढे कसं घेणार? अण्णांचं सांगितलं." अण्णा म्हणजे तिचे वडील. कुसुम गोविंद जोग.
वासू "अगं, पण" एवढंच म्हणाला.

२५ जाने.
एकटीच ठाण्याला. जोग नावाचा रिपोर्ट केव्हाच आलेला. डॉक्टरीणबाईंनी वाचला, घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला.
"माझ्या कागदावर तुम्ही सांगितलेलं लेले, बाटलीवर खिडकीवरून आलेलं जोग. त्या दिवशी बऱ्याच जणींचे तुकडे गेले. हा हिचाच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पुन्हा घेऊ."
"त्यात लिहिलंय काय?"
"आधी तिला घेऊन या."
चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. मुलींचे चेहरे वाचण्यात माझा जन्म गेला.
घरी एवढंच सांगितलं, नावाचा घोटाळा, पुन्हा जायचं.

२७ जाने.
कुसुम नको म्हणते. मनूताई स्वयंपाकघरात: "पुन्हा? उद्या आमचंही असंच." प्रश्न चुकीचा नाही. म्हटलं, मग तुम्हीही चला, बाटलीवर काय लिहितात ते स्वतः बघा.
कुसुमला म्हटलं, नाव मी सांगेन.

१ फेब्रु.
शाळेला रजा. तिघी ठाण्याला. मनूताई "नुसत्या बघायला".
कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगणार तोच कुसुम पदर सावरून म्हणाली, "वासुदेव." उखाणा नाही, राव नाही. त्याला ऐकू गेलं नाही, तिने पुन्हा सांगितलं. बाटलीवरचं नाव मी वाचलं, मनूताईंनीही.
परतताना मनूताई: "किती दिवस म्हणाल्या?"
आठ-दहा.
"बघू मग."
कुसुमने विचारलं, "वन्सं, तो पहिला रिपोर्ट हरवलाच का?"
मी पिशवीत तिकिटं शोधत राहिले. तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलाच्या खणात आहे.