हळदीत नाचलेला विनोद

प्रिय रविना,

तुझे फोन घेतले नाहीत म्हणून तू रागावली असशील. मनात दुसरं काही आणू नकोस. फोन उचलायला हातच उठत नव्हता. हे फोनवर सांगता येईना, म्हणून लिहितो आहे. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं लांब कधी लिहिलं नाही.

आपलं लग्न ठरलं ते राबामुळे. उन्हाळ्यात तुझे बाबा आमच्या गावी, झरीला आले तेव्हा फांद्या तोडून, पाला पसरून, रोपांसाठी आमची जमीन मी भाजून ठेवली होती. शिवाय शेजारच्या तीन घरांचीही. झोप नव्हती, भूक नव्हती, तरी दमत नव्हतो. बाबा म्हणाले, "असा कामाचा जावई शोधून मिळायचा नाही." मग माझ्या चुलतबहिणीच्या, चंद्रिकाच्या हळदीत तू मला नाचताना पाहिलंस. "तुझी बॅटरी कधी उतरते का रे?" म्हणून हसलीस. मला फार बरं वाटलं होतं.

उतरली, रविना. पाऊस आला, भाताची रोपं लावायची आवणी सुरू झाली आणि मला उठवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. दात घासायचे म्हटलं तरी डोंगर चढल्यासारखं वाटायचं. रोपं तिथेच वाढून पिवळी पडली. शेवटी उमेशदादाने त्याच तीन घरांना बोलावून ती लावून घेतली. आईने भगताकडून अंगारा आणला. शेजारची रखमीमावशी दारातून ओरडली, "काय नवरदेव, हळद लागायच्या आधीच बसलास?" मला हसू आलं नाही, रागही आला नाही. आता उठूच नये, संपून जावं, असं वाटायचं. ते एकदा दादाला बोललो. त्याने काही न विचारता मला गाडीवर बसवलं आणि डहाणूला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी फार उत्साहात होता का? दादाने कौतुकाने राबाचं सांगितलं, नाचाचंही सांगितलं. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, "तोही आजारच होता. हाही तोच आहे. याला बायपोलर म्हणतात." दादाचा चेहरा उतरला. मला मात्र तू आठवलीस.

गोळ्या चालू आहेत. हात थोडे थरथरतात, म्हणून अक्षर सावकाश काढतो आहे. बायकोला लग्नानंतर कळलं तरी चालतं, असं आई म्हणते. रविवारी दादा लग्नाची तारीख धरायला तुमच्याकडे आशागडला येणार होता, त्याला मी थांबवलं आहे. बाबांनी पसंत केला आणि तुला आवडला, तो विनोद आजारी होता. आता जो आहे तो कमी बोलतो, दुपारपर्यंत थकतो. त्याला तू अजून पाहिलंच नाहीस. एकदा येऊन बघ, मग काय ते सांग. नाही म्हणालीस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. पण हो म्हणणार असशील, तर एक काम तुझ्याकडे येईल. पुन्हा कधी मी न झोपता, हसत, गावभर लोकांची कामं करत सुटलो, तर माझं कौतुक करू नकोस. मला डॉक्टरांकडे घेऊन जा.

तू म्हणशील तर तुझाच,
विनोद