गाडी वर का येत नाही, याविषयी ताईस

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तुझ्या नावाआधी काय लिहायचं यात माझा अर्धा तास गेला. इतकी वर्षं डोळे मिटून 'सौ.' लिहीत आलो. आता ते चालत नाही, आणि त्याऐवजी जे लिहितात ते लिहायला हात धजत नाही. म्हणून नुसतंच ताई. राग मानू नकोस.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे माझी पाठ, तुझ्या भावजयीचा गुडघा आणि कारखान्याचं छप्पर सोडून. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस का? जिन्याखालचा दिवा बदलून घेतलास का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच "ये ना रे कधीतरी" म्हणतेस आणि मग मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवतो.

भाऊजींचं कामाचं टेबल आणि हत्यारांची पेटी घेऊन जा, रोज समोर बघवत नाही, हा तुझा निरोप मला चौथ्यांदा मिळाला. चारही वेळा मी एकच उत्तर दिलं, की पिकअप तुमच्या घराच्या चढावर येत नाही. ते तुला पटलेलं दिसत नाही. चौथ्या वेळी तू नुसतं "बरं" म्हणालीस, आणि तुझं "बरं" मी लहानपणापासून ओळखतो. म्हणून या वेळी सविस्तर लिहितो. भाऊजी गेल्यापासून सात महिन्यांत मी तुझ्या घरी का आलो नाही याचं कारण पूर्णपणे यांत्रिक आहे, आणि ते एकदा कागदावर आलं म्हणजे आपल्या दोघांच्याही मनात काही राहणार नाही.

तुला यातलं काहीच नवं नाही, कारण भाऊजींनी तीस वर्षं जेवताना दुसरा विषय काढला नाही. तरी उजळणी करतो. पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं आणि एक छोटं. मेकॅनिक लोक त्यांना क्राउन-पिनियन म्हणतात. इंजिनाकडून आलेला दांडा साधारण चार वेळा फिरला की मागचं चाक एकदा फिरतं. हेच प्रमाण पाचाच्या आसपास नेलं तर गाडी पळते कमी पण ओढते जास्त. भाऊजींनी ते बरोबर तुमच्या चढासाठी बसवून घेतलं होतं, खास करून फाटकाखालच्या त्या शेवटच्या टप्प्यासाठी, जिथे माणूस चालतानासुद्धा गुडघ्यावर हात ठेवतो. पुढे त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांनी राम म्हटला तेव्हा त्यांनी गाडी मला दिली आणि एवढंच सांगितलं, की हिला आहे तशी राहू दे. मी तिला आहे तशी एकोणीस दिवस राहू दिली.

विसाव्या दिवशी मला टायरवाल्याने गाठलं. (हा माणूस खरं म्हणजे टायर विकत नाही. समोरच्याच्या आयुष्यात काय कमी आहे ते दाखवून देतो आणि टायर आपोआप विकले जातात.) तो म्हणाला की तुमची गाडी बसकी दिसते. बस, एवढंच. मी बावन्न वर्षांचा, दारं-खिडक्या बनवणारा माणूस. माझं काही उंच दिसावं असं वय राहिलेलं नाही. तरी ते वाक्य मला लागलं. चारही चाकं मोठी बसवून घेतली आणि त्याच दुपारी भाऊजींना दाखवायला वर आलो. गाडी रिकामी होती, आणि त्यांनी नेहमीसारखं लांबूनच आवाज ओळखून फाटक उघडून ठेवलं होतं, म्हणून न थांबता कशीबशी आत शिरली. त्यांनी चाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "उंच झाली" म्हणाले. दुसरा कोणी असता तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता आणि मीही मोकळा झालो असतो. ते "उंच झाली" मला अजून ऐकू येतं.

तर चाक मोठं झालं की काय होतं, की आतले दात तेच राहतात आणि त्यांना ओढायला लागतं जास्त. गाडी सपाटीवर ऐटीत जाते आणि चढ दिसला की मान टाकते. बाकीचे परिणाम वेगळेच. तुझ्या भावजयीला आता आत चढायला स्टूल लागतं. ती चढून बसली की स्टूल रस्त्यावर राहतं, आणि ते उचलायचं तिने की मी याचा आमच्यात आजपर्यंत निकाल लागलेला नाही. पाच स्टुलं गेली. या वर्षी आमच्या कारखान्यात दारांखालोखाल स्टुलं बनली. दुसरं म्हणजे वेगाचा काटा. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं हे काट्याला कोणी सांगितलेलं नाही. तो पन्नास दाखवतो तेव्हा गाडी छप्पन्नने जात असते. वाहतूक पोलिसाने अडवल्यावर मी त्याला हे सगळं चाकाच्या परिघासकट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी गुन्हा तर कबूल करतोच आहे, वर तो दोन महिने रोज करत असल्याचंही सांगतो आहे.

यावर उपाय म्हणून मागचे दात बदलावेत का, याचा विचार मी सात महिने करतो आहे. आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. ऐकून झालं की पेशंटच्या नातेवाइकाला न्यावं तसा मला बाजूला नेऊन हळू आवाजात बोलतो. त्याने सांगितलं, की दात बदला. मग म्हणाला, घाई करू नका. बदलले तर गाडी चढेल पण सपाटीवर इंजिन रडेल, नाही बदलले तर क्लच जळेल. मी विचारलं की तुमची गाडी असती तर तुम्ही काय केलं असतं. तो म्हणाला, विकली असती.

मग आमच्या शेजारचे गणिताचे निवृत्त सर. त्यांना मी जिन्यात सहज विचारलं, तर त्यांनी हातातली कागदी पिशवी रिकामी करून तिच्यावर गणित मांडलं. चाकाचा व्यास, दातांची संख्या, चढाचा कोन. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, की माझी गाडी जागेवरून हलूच शकत नाही. मी ती त्यांना खिडकीतून दाखवली. मी ती आत्ताच कारखान्यातून चालवत आणली होती, बॉनेट गरम होतं. त्यांनी ती पाहिली, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता रोज सकाळी ते नवं उत्तर घेऊन येतात आणि ते कालच्यापेक्षा वेगळं असतं. (त्यांची बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरं बोलणारं कोणी नाही. त्यामुळे मीही त्यांना थांबवत नाही. चहा होतो, पिशवी बघून होते, ते जातात.)

एकाने असंही सुचवलं, की रिव्हर्स गिअरमध्ये सगळ्यात जास्त ताकद असते, तेव्हा चढ उलटा चढावा. डॉक्टरनेही याला नाइलाजाने दुजोरा दिला. म्हणून एका चढावर (कुठल्या, ते महत्त्वाचं नाही) करून पाहिलं. गाडी चढते. पण खिडकीतून डोकं काढून मान मागे वळवून इतकं अंतर जायचं म्हणजे मान तशीच राहते. पुढचे तीन दिवस गिऱ्हाइकांना वाटत होतं की मी त्यांच्यावर रागावलो आहे. त्यातल्या एकाने तर आपणहून माफी मागितली. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

एकूण काय, तर अजून काही ठरत नाही. तुझ्या भावजयीचं म्हणणं, की एक तर दात बदला नाही तर विषय बदला. भाऊजी असते तर त्यांनी एका शब्दात सांगून टाकलं असतं, आणि मला या सगळ्यात त्यांचीच आठवण फार येते. हत्यार हातात घेतलं की येते. हे ठरेपर्यंत मला वर येता येणार नाही, हे तू समजून घेशील. तोवर टेबलावर एखादी जुनी चादर टाकून ठेव. तब्येतीला जप. दिवा बदल.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. तुझ्या भावजयीने हे पत्र वाचलं. (पाकीट बंद होण्याआधी ती माझी सगळी पत्रं वाचते.) तिने एकच विचारलं, की जुन्या चाकांचं यात का नाही. तर ते असं: जुनी चारही चाकं आमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहेत. ती परत लावली की गाडी होती तशी होते. दातांना हात लावायला नको. एका सकाळचं काम आहे. डॉक्टरने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. सरांना तर मी जुन्या चाकांचा पत्ताच लागू दिला नाही.

ता. क. दुसरा. ज्या चढावर मी उलटा गेलो तो तुझाच. दीड महिना झाला. शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी मी थांबलो. फाटक बंद होतं. दोरीवर भाऊजींचा निळा शर्ट वाळत होता, म्हणजे तू तो अजून धुतेस. मी खिडकीतून मान बाहेर काढून बराच वेळ बघत राहिलो. गाडीचं तोंड आधीच उताराकडे होतं, त्यामुळे परत फिरायला वळवावीसुद्धा लागली नाही. तेव्हा गाडी वर येत नाही हे खरं नाही. मी येत नाही.

ता. क. तिसरा. आता लिहूनच टाकतो. त्या सकाळी तू फोन केलास, यांच्या छातीत दुखतंय, गाडी घेऊन लगेच ये म्हणालीस, आणि मी पोचलो नाही. खाली शहरात रस्ता बंद होता असं मी तुला नंतर सांगितलं. रस्ता उघडा होता. मी दोन मिनिटांत निघालो होतो. गाडीत सहा दारं भरलेली होती, ती उतरवण्यात वेळ जाईल म्हणून तशीच काढली, आणि मोठ्या वळणावर गाडीने त्या चाकांवर मान टाकली. क्लचचा जळका वास सुटला. मी एकेक दार रस्त्याच्या कडेला उतरवायला लागलो. वर तू वीस मिनिटं माझी वाट पाहिलीस आणि मग शेजारच्या पोस्टमास्तरांना हाक मारलीस. त्यांची गाडी खाली आली तेव्हा माझ्या हातात चौथं दार होतं. मागच्या सीटवर तू होतीस आणि भाऊजींचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. ताई, मी दाराआड झालो. सात फुटी दार होतं, पूर्ण मावलो. गाडीचा आवाज जाईपर्यंत बाहेर आलो नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा तू बाकावर एकटी बसली होतीस. तू उठलीस आणि आधी माझ्या शर्टावरचा भुसा झटकलास. तेव्हाच सांगायचं होतं. डॉक्टरांना (खऱ्या) मी तीनदा विचारलं, की वीस मिनिटं आधी आले असते तर. तीनही वेळा ते म्हणाले की फरक पडला नसता. पण तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे बघत नव्हते.

ता. क. शेवटचा. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास येतो. मोठ्याच चाकांवर येतो, कारण आधी चाकं बदलून मग यायचं ठरवलं तर मी ती कधीच बदलणार नाही. जुनी चारही मागे टाकून आणतो. जॅक आणि पाने भाऊजींच्या पेटीत आहेत, तिथेच अंगणात बदलू. नट तू डब्याच्या झाकणात घेऊन बस, त्यांच्याजवळ बसायचीस तशी. फक्त एक आहे. या चाकांवर शेवटच्या टप्प्यात थांबलो तर गाडी पुन्हा पुढे निघणार नाही, मागेच जाईल. तेव्हा माझं तोंड बघायचं नसेल तर फाटक लावून ठेव. मी हॉर्न वाजवणार नाही, हाका मारणार नाही, तसाच मागे जाईन आणि मला वाईट वाटणार नाही (वाटेल, पण ते माझं मी बघेन). येऊ द्यायचं असेल तर सकाळीच उघडून ठेव, कारण गाडीचा आवाज आता बदलला आहे, तुला तो ओळखू येणार नाही. आणि उघडलंस तर खाली दगड लाव. ते फाटक वाऱ्याने आपोआप लागतं, आणि ते वाऱ्याने लावलं की तू, हे मला खालून कळणार नाही.