जाळी लागल्याशिवाय

बडोदे, १२ फेब्रुवारी १९९६

प्रिय सलील,

दिवाळीपासून आपण बोललो नाही. रावपुऱ्याहून तरसाली काही परदेश नव्हे, तरी लिहितेय. समोर आलास की माझी जीभ माझ्याआधी पोचते.

रेल्वेच्या सिग्नल विभागात अकरा वर्षं काढून तू यंत्रं चालू-बंद करणाऱ्या पॅनेलचा कारखाना काढलास. आपल्या घराण्यात आजोबांपासून सगळे नोकरदार. धंदा आपण फक्त गल्ल्याच्या अलीकडून पाहिलेला. तुझा भागीदार धवल साड्यांच्या दुकानात वाढला. चाळीस साड्या उलगडायला लावून उठून जाणाऱ्या बाईलाही त्याचे वडील चहा पाजत. म्हणून गिऱ्हाईक काहीही मागो, हा 'चालशे' म्हणतो. आणि तू? रुळांचे सांधे बसल्याशिवाय सिग्नलचा खटका ओढताच येत नाही, हे तुझ्या हाडात मुरलेलं. तेच पॅनेलमध्ये घातलंस: रोलरपुढची जाळी बंद नसेल तर यंत्र सुरूच होणार नाही.

तुझ्या भावोजींच्या शब्दावर त्यांच्या रबर कारखान्याच्या मालकाने ते पॅनेल घेतलं, आणि दर वेळी जाळी लावण्यात वेळ जातो म्हणून बोलणीही फोरमन या नात्याने यांनीच खाल्ली. त्याचा राग मी दिवाळीत भर पंगतीत काढला. कारखाना काढलायस की सिग्नलची केबिन, असं विचारलं. तू श्रीखंड तसंच टाकून उठलास.

परवा हे जाळी उघडून रोलरात अडकलेलं रबर काढत होते. उजवा हात मनगटापर्यंत आत. पलीकडच्या नव्या कामगाराने न बघता बटण दाबलं. यंत्र ढिम्म. त्याने आणखी एकदा दाबलं.

घरी येऊन सदरा काढताना यांच्या खिशातून तारेचा तुकडा पडला. तुझ्या जाळीला बगल द्यायला दुसऱ्या दिवशी जोडणार होते. तो उचलून एवढंच म्हणाले, "सलीलला सांग, मी जोडणार होतो."

काल धवल आला होता. तीन गिऱ्हाइकं गेली, म्हणून येत्या आठवड्यात तू नव्या पॅनेलला जाळी टाळायचं बटण द्यायला कबूल होणार आहेस, असं कळलं. त्यासाठीच हे पत्र. होऊ नकोस. धवलला मी सगळं सांगितलंय. यापुढे गिऱ्हाइकांकडे तो यांना बरोबर नेणार आहे; बोलायचं त्याने, दाखवायचा हात यांचा. आपल्या घरात धंदा कुणाला कळत नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण माझा भाऊ काय बनवतो, ते आता विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत सुटलेय. खाली यांचीही सही आहे. अक्षर गिचमिड आहे, पण उजव्या हाताचं आहे.

तुझीच,
वसुंधराताई

रमाकांत