मायचा हरभऱ्यातला दवाखाना

वाटूर, ता. परतूर
१० जानेवारी २००२

चिरंजीव धर्मराज (संचालक झालास म्हणून हे ‘चिरंजीव’ काही बदलणार न्हाई), तुझा थोरला भाऊ तातेराव याचे पोटभर आशीर्वाद. हैदराबादेत तू, बेबीनंदा आणि लेकरं खुशाल असाल. इकडं बैल बरे आहेत, तुझी वहिनी द्वारका बरी आहे. हरभरा मात्र बिलकुल बरा न्हाई, आणि त्याला कारण तू.

तुझ्या आंबीवरच्या शोधाला बक्षीस मिळालं, पेपरात फोटोसकट बातमी आली, ती सरपंचानं पारावर मोठ्यानं वाचली. हरभऱ्याच्या पानावरच्या आंबट पाण्यानं, म्हंजे आंबीनं, अळी दूर राहते, एवढंच त्यात होतं. (मी दोनदा वाचलं.) पण माय काय समजली, की आंब पोटदुखीवर चालते हे दिल्लीच्या सरकारनं मान्य केलं! आंब ती आधीपासून देतच होती, आता तिला परवाना भेटला. १९८१ साली नोकरीला लागलास, वनस्पतींच्या रसायनांमागं काचेच्या नळ्यांत डोळे घालून बसलास, पुढं विभागाचा प्रमुख झालास, मंग संचालक. हा सगळा खटाटोप मायच्या मते तिच्या बाटलीसाठी होता. “माह्या धर्मानं मोठ्या शाळांत जाऊन माह्याच आंबीची खात्री करून आणली,” असं ती येईल त्याला ऐकवते.

मंग काय, दवाखाना सुरू. सांजच्याला आपल्या हरभऱ्यावर चादरी, लुगडी, धोतरं पसरायची, दवात भिजू द्यायची आणि उजाडायला पिळून बाटल्या भरायच्या. परतूरहून पेशंट येऊन राह्यले, बोल! एक गडी तर स्वतःची लुंगी घेऊन आल्ता, म्हणे माझी आंब माझ्याच लुंगीतली पाहिजे. सगळ्यांनी तुडवून हरभऱ्याचं मैदान केलंय. मी बोललो तर माय म्हणते, तू आपला नांगर हाक, तुला शास्त्रातलं काय कळतं? आणि तुला सवड न्हाई म्हणून गावानं तुझ्या फोटोचाच सत्कार केला. जरीची शाल फोटोच्या वतीनं मी नम्रपणे घेतली. दुसऱ्याच दिवशी ती पण हरभऱ्यावर! (रंग असा उडालाय, की गाईच्या पाठीवर टाकली तर गाय लाजंल.) म्हणे मानाच्या शालीतली आंब जास्त गुणाची.

हसून घेतलंस? आता ऐक. या डॉक्टरीणबाईचं स्वतःचंच पोट दुखून राह्यलंय आणि ती स्वतःच्याच दवाखान्यात भरती आहे. शहरात नेऊन मस्तगडातल्या डॉक्टरांना दाखवलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, ऑपरेशन जल्दी करा म्हणाले. माय म्हणते, माह्या लेकाला बक्षीस भेटलं, त्या डॉक्टरला काय भेटलं? तुला फोन लावला तर एक बाई गोड आवाजात सांगते, साहेब मीटिंगमध्ये आहेत. पूर्वी प्रयोगशाळेतून शिपाई तुला हाक मारून तरी आणायचा. धर्मा, कळ आली की माय भिंत धरून बसते. मला भीती वाटून राह्यली रे.

लेकरांना गोड पापा. बेबीनंदाला आशीर्वाद.

तुझा
तातेराव

ता.क. : मुद्द्याचं राहिलंच. ऑफिसच्या कागदावर मायला दोन ओळी लिही, की खड्यावर आंब चालत न्हाई. शिक्का मोठा मार. तिला वाचता येत न्हाई, पण शिक्का बराबर कळतो.

आणखी एक ता.क. : शिक्का राहू दे. पाकीट बंद करायच्या आधी मायनं सगळं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. पदर तोंडाला लावून हसली. मंग म्हणाली, “खड्यावर आंब चालत न्हाई, एवढं मला कळत न्हाई व्हय रं? मी अन् द्वारका मागच्या सोमवारीच डॉक्टरला हो म्हणून आलो. सव्वीस जानेवारी झाली की ऑपरेशन.” मी द्वारकाकडं पाहिलं, तर ती चुलीत फुंकर मारून राह्यल्ती. मायनं मला बजावलंय, “पण हे धर्माला लिहू नको. मी तयार हाये म्हणून कळलं, तर तो येणार न्हाई.”

तेव्हा धर्मा, हे मी तुला लिहिलेलं न्हाई.