तिचं कार्ड माझ्या पाकिटात

बाई, आज शुक्रवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झालीत. घाटकोपरच्या आपल्या केंद्रात एक अर्ज टाइप करून संपवला आणि उरलेल्या कोऱ्या कागदावर हे लिहितोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

दहावी नापास मुलाला तुम्ही ठेवून घेतलंत ते फक्त त्याचं शुद्धलेखन बघून. नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून आलेल्या बायकांचे कोर्टाचे अर्ज तुम्ही तयार करायचात, मी टाइप करायचो. पहिल्याच आठवड्यात एकीने सांगितलं, "लादी पुसत होते, मागून कमरेत लाथ घातली." मी टाइप केलं, अर्जदाराचा शारीरिक व मानसिक छळ करण्यात आला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता आणि विचारता, "हे तिने सांगितलं?" मी म्हणतो, "नाही बाई, मी नीट केलं." "शहाणाच आहेस. उद्या कोर्टात तिला विचारलं, तर तुझी वाक्यं ती कुठून आणणार रे?" मग तिच्याच शब्दांत सगळं पुन्हा टाइप करायला लावलंत, आणि सहीआधी तिला मोठ्याने वाचून दाखवलंत. ती मान हलवत म्हणाली, "हां, असंच झालं." त्या दिवशी तुमचा राग आला होता. आज माझ्या हाताला जी काही किंमत आहे ती त्या बोलण्यामुळे. अजून एकही अर्ज मी वाचून दाखवल्याशिवाय सहीला पुढे करत नाही.

सोमवारी एक बाई आली. शाळेच्या बसवर मुलांना चढवते-उतरवते. म्हणाली, "मारतो तेवढं लिहा. पैशाचं नको, ते घरातलं." बाईची कमाई काढून घेणं हीसुद्धा कायद्याने हिंसाच, हे तुम्ही शिकवलेलं. पण तसं भाषण तुम्ही कधी दिलं नाहीत. तुम्ही विचारायचात तसंच मी विचारलं, "पगाराच्या दिवशी घरी काय होतं, ते सांगा." ती म्हणाली, "काय होणार? पगार खात्यात. कार्ड त्याच्याकडे. लग्न झाल्यावर म्हणाला, तुझ्याकडून हरवेल."

माझी बोटं थांबली, बाई. माझी बायको कांदिवलीला दवाखान्यात रिसेप्शनवर असते. तिचं कार्ड माझ्या पाकिटात होतं. मीही तिला हेच म्हणालो होतो.

संध्याकाळी मी ते तिच्या चहाजवळ ठेवलं. ती म्हणाली, "आज काय झालं तुला? ताप आहे का?"

"तुझंच आहे, ठेव."

"माझंच आहे ते माहितीये रे. पिन काय त्याचा?"

चार वर्षं तिचा पगार त्या खात्यात जमा होतोय. मी कागदावर पिन लिहून दिला. तिने वाचला, कागद फाडला. मी विचारलं, "कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू मारत नाहीस ना. मग कुणाला काय सांगायचं?"

तुम्ही असतात तर हे तोंडावर सांगायला मी धजलो नसतो. कार्ड परत केलं, पण बँकेचे मेसेज अजून माझ्याच मोबाइलवर येतात. नंबर बदलायचा फॉर्म आणलाय, ड्रॉवरमध्ये आहे. बुधवारी तिने पाचशे काढले, काल तीनशे. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारावंसं मात्र दोन्ही वेळा वाटलं.