पाकिटावरची वाकडी करंगळी

४ नोव्हेंबर, मंगळवार
मसाला कंपनीचं (यापुढे म.कं.) काम पक्कं झालं. ६ डिसेंबरला त्यांच्या वर्धापनदिनाची क्विझ. आठ कंपन्यांचे संघ आणि विषय नेहमीचाच: उद्योगधंदे, ब्रँड, त्यांच्या मालकांच्या सुरस कथा. म.कं.च्या शालिनी मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, थोडा लाइट रखिए, लोग बोर हो जाते हैं."
वीस वर्षं हेच करतोय. हल्ली कुणाला कशाचं नवल म्हणून राहिलेलं नाही. साबणाच्या वडीवरचं चित्र कुठून आलं विचारा, प्रश्न संपायच्या आत अर्धं सभागृह मोबाईलमध्ये. आणि मी मंचावर सूट घालून घामाघूम.

६ नोव्हें., गुरु.
साठ प्रश्न पाठवले. एकोणसाठ पास. एक बदलून मागितला आणि त्याच्या जागी त्यांचा स्वतःचा हवा: "पाकिटावरचा पिवळा हात कुणाचा? आणि करंगळी वाकडी का?" शेवटच्या फेरीत, मोठ्या पडद्यावर. मालकांची खास इच्छा म्हणे.
हा प्रश्न माझाच. अकरा वर्षांपूर्वीचा. पेपरात रविवारचं सदर चालवत होतो तेव्हाचा.
वही काढली. प्रश्न क्र. ११४६. उत्तर: 'संस्थापकांच्या आईचा हात. मुलांसाठी मसाला कुटता कुटता करंगळी वाकडी झाली.' पुढचा रकाना 'स्रोत'. कोरा.
आठवतंय चांगलं. शनिवार होता, नऊ प्रश्न झाले होते, दहावा सुचत नव्हता, संपादकांचा तिसरा फोन. स्वयंपाकघरात पाकीट दिसलं. आई घातली की गोष्ट गोड होते. लिहून टाकलं.
हाच मी नव्या मुलांना दम देतो: दोन स्रोत असल्याशिवाय प्रश्न लिहायचा नाही.

९ नोव्हें., रवि.
विद्याबरोबर जयनगरला सासूबाईंकडे जेवण. येलहंक्याच्या आमच्या घराहून दीड तास, शहराचं दुसरं टोक. रिंगरोडवर रिक्षावाला म्हणाला "स्वल्प ट्रॅफिक सार", आणि स्वल्प म्हणजे चाळीस मिनिटं.
विद्याची मावशी रुक्माक्का आता कायमची इथेच आलीय, हुबळीचं बिऱ्हाड मोडून. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिला मी दोनदाच भेटलो होतो, तेही कार्यात, लांबून. सत्तरीच्या पुढे, ताठ, जिभेला धार. या घरातलं मराठी मला निपाणीकराला अजून पचलेलं नाही, निम्मं कन्नड.
मी म.कं.च्या भेटीच्या खोक्यातलं सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन गेलो होतो. टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी पाकीट पुढे ओढलं, हात धुतला, पुसला आणि पाकिटावर ठेवला.
करंगळी करंगळीवर. तोच बाक, तेच टोक बाहेर.
"माझा आहे," म्हणाल्या. "तेव्हा बारीक होता. बाकी काय बदललंय?"


१० नोव्हें., सोम.
आज दिवसभर स्रोत शोधत बसलो. म.कं.ची वेबसाइट: आईचा हात. आधार: एका इंग्रजी पेपरातला लेख. त्या लेखाचा आधार: एका ब्लॉगवरची क्विझ. ब्लॉगचा आधार: माझं सदर. पाकिटाच्या मागच्या बाजूलाही आता छापतात, 'एका आईचा हात'. जाहिरातसुद्धा आहे, पांढऱ्या केसांची बाई उखळात कुटतेय.
सगळ्या स्रोतांचा बाप मीच. डोकं उठलं.

१३ नोव्हें., गुरु.
शालिनीला फोन. म्हटलं, या प्रश्नाला पक्का आधार नाही, वगळू या. ती म्हणाली, "सर, ये तो हमारी वेबसाइट पे है." म्हटलं, वेबसाइट चुकू शकते. "सर, न्यूजपेपर में भी है." म्हटलं, पेपरही चुकतो. ती म्हणाली, "तो सर, सही क्या है? कोई सोर्स?"
काय सांगणार? माझ्या मावससासूची करंगळी?

१६ नोव्हें., रवि.
मुद्दाम एकटा गेलो. अक्का गच्चीत मिरच्या वाळत घालत होत्या. विचारलं, नीट सांगा ना पहिल्यापासून.
तेविसाव्या वर्षी नवरा गेला. बसवनगुडीच्या मागच्या गल्लीत गिरणी होती, तिथे हळद-मिरची चाळायला लागल्या. मालक तेव्हा स्वतः पुड्या बांधायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पुडी ओळखू यावी म्हणून काही खूण हवी होती. मालक म्हणाले, "रुक्मा, तुझा हात हळदीनं भरलाच आहे, उमटव कागदावर." उमटवला. त्याचाच छापा झाला. करंगळी लहानपणी उखळात सापडलेली, ती तशीच आली.
"मग मालकांची आई आली. कुणाचा हात विचारली. कळलं तशी कपाळ बडवून घेतलं. म्हणे, दारावर हळदीचा हात सवाष्णीनं उमटवायचा, आणि तू विधवेचा हात घराघरांत पाठवणार? मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, छापा झालाय, बदलत नाही, पण तू कुणाला सांगू नकोस. मी सरी, बरं, म्हणलं. पोट भरायचं होतं ना."
मग म्हणाल्या, "आता पाकिटावर तिचाच हात म्हणून लिहितात. त्याच म्हातारीचा! हे कुणी केलं असेल रे? तुझं तर हेच काम, तुला कळायला हवं."
मी म्हटलं, बघतो.
बघतो! तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मिरच्यांच्या खाटानं डोळ्यांत पाणी आलंय असं दाखवून खाली आलो.

२० नोव्हें., गुरु.
म.कं.च्या ऑफिसात. धाकट्या मालकांना, म्हणजे संस्थापकांच्या मुलाला, भेटलो. पन्नाशीचा माणूस, कॉफी स्वतः आणून दिली, वागायला अगदी चांगला. म्हटलं, त्या हाताबद्दल एक वेगळी हकिकत कानावर आलीय, गिरणीत काम करणाऱ्या बाईंची.
"नोडी, बघा सर," म्हणाले, "गिरणीत तेव्हा वीस बायका होत्या. कुणीही येऊन काहीही सांगेल. मी लहान असल्यापासून ऐकतोय, आजीचाच हात तो. ती मांडीवर घेऊन दाखवायची."
लहान असल्यापासून! अहो, ती गोष्ट जन्मली तेव्हा तुम्ही चाळिशीचे होता, आणि मी तिला एका शनिवारी चहाच्या कपाशेजारी जन्म दिला. पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवतंय.
याला आता कोणता पुरावा दाखवायचा? कॉफी संपवून उठलो.

२५ नोव्हें., मंगळ.
विद्याला विचारलं, तुमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं तर मला कसं कुणी बोललं नाही? म्हणाली, "आईकडे तो मसाला आणत नाहीत एवढंच मला माहीत. अक्का गेल्या वर्षी पाकिटाची मागची बाजू वाचून दोन दिवस जेवली नाही, असं आई सांगत होती. तुझ्या ओळखी आहेत ना त्या कंपनीत? बोल की."
बोललोय, म्हटलं. ते खरं होतं. बाकीचं पुन्हा गिळलं.

३० नोव्हें., रवि.
अक्कांना सांगितलं, कंपनी ऐकत नाही. मिरच्या झाल्या होत्या, आता धने निवडत होत्या.
"मला काय पायजे? फोटो नको, सत्कार नको. चार माणसांत कुणी तरी एकदा मोठ्यानं म्हणू दे, हा हात रुक्मिणीचा. बस्स. मग मी मरायला मोकळी."
विद्या म्हणाली, असं काय बोलतेस अक्का. अक्का म्हणाल्या, "मरायचं बोलले, आज कुठे मरतेय."

५ डिसें., शुक्र.
उद्या क्विझ. प्रश्न अजून आहे. शालिनीनं शेवटचं सांगितलं: मालक स्वतः पहिल्या रांगेत बसणार, हा प्रश्न काढला तर कार्यक्रमाला अर्थ नाही. ठीक. वेळ कमी पडला असं करून शेवटच्या फेरीतून उडवीन. असे प्रकार केलेत पूर्वी.

६ डिसें., शनि.
आजचं आजच लिहून ठेवतो.
सभागृह भरलेलं. विद्या येणार होती, तिनं अक्कांनाही आणलं. मला न सांगता. नवव्या रांगेत, जरीची निळी साडी.
वेळ कमी पडला नाही. उलट सगळे संघ भराभर चुकत गेले, वीस मिनिटं उरली. पडद्यावर पिवळा हात आला, बारा फुटांचा. कार्डावरचं वाचलं. आठही संघ पास. आठही! एरवी कुठल्या बूट कंपनीच्या मालकाचं कुत्रं कोणतं हेही पाठ असतं यांना.
नियमाप्रमाणे प्रश्न प्रेक्षकांकडे. नवव्या रांगेत एक हात वर गेला. पडद्यावर तोच हात, खाली तोच हात. माईक तिच्यापर्यंत गेला.
मी विचारलं, येस मॅडम, हूज हँड?
"नंदु," अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून मराठीत, "माझा."
सभागृह हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, म्हातारीचं कौतुक केल्यासारखं होतं. तेच जास्त लागलं.
दोन सेकंद होते माझ्याकडे. पहिल्या रांगेत मालक. हातात कार्ड. वीस वर्षांची सवय, कार्डावर असेल ते उत्तर.
म्हणालो, "सॉरी मॅडम. राँग."
तिसऱ्या रांगेतला कोट घातलेला एक जण ओरडला, फाउंडर्स मदर. "राईट," मी म्हणालो. टाळ्या. मसाल्याचं खोकं त्याला. पडद्यावर हाताशेजारी संस्थापकांच्या आईचा फोटो.
अक्कांचा हात अजून वरच होता. विद्यानं धरून खाली घेतला.

७ डिसें., रवि.
विद्या काल तिकडेच राहिली. दुपारी आली. पिशवी ठेवली आणि एकच वाक्य: "मंचावर तू एकटाच होतास ज्याला माहीत होतं."
तेव्हा तिला सगळं सांगितलं. वही दाखवली, कोरा रकाना दाखवला. ती चिडेल वाटलं होतं. चिडली नाही, खुर्चीत बसून राहिली. म्हणाली, "हे मला नको सांगूस."
शालिनीचा मेसेज: 'सुपर शो सर! पुढच्या वर्षीपण तुम्हीच.' लाज वाटली. नुसती लाज नाही, स्वतःचा मनापासून राग आला.

८ डिसें., सोम.
जयनगर. वही घेऊन गेलो.
अक्का दारातच म्हणाल्या, "या क्विझमास्टर." आत घेतलं, तेवढंच.
११४६ काढून पुढे ठेवलं. वाचून दाखवलं. म्हटलं, हे मीच लिहिलं, मनाचं, शनिवारी, घाईत. तिथून सगळीकडे गेलं. परवाही माहीत असून चूक म्हणालो. घाबरलो होतो, अक्का.
चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. एकदा. परत एकदा.
"म्हणजे म्हातारीनं नाही चोरला. तिला बिचारीला हा हात घरात नको होता. तू नेऊन तिच्या खांद्याला चिकटवलास."
वही परत माझ्याकडे सरकवली.
"मी वर्षभर त्या लोकांना शिव्या घातल्या. आणि तू माझ्या पुढ्यात बसून दोन वेळा माझ्या हातचं सारू भात जेवून गेलास."
आत गेल्या. भांडी आपटल्याचे आवाज. परत आल्या तर हातात कॉफी, एकच पेला, माझा. बसल्या नाहीत.
"बदल ते."
म्हटलं, कसं बदलू? कोणी ऐकत नाही. सगळे पुरावा मागतात.
"तू लिहिलंस तेव्हा कुणी मागितला होता?"


१० डिसें., बुध.
तीन मेल पाठवले. पेपराला, म.कं.ला, त्या ब्लॉगवाल्याला. माझ्या नावानं, आडपडदा न ठेवता: ती गोष्ट मी रचली, हात रुक्मिणीबाईंचा.
ब्लॉगवाला: उत्तर नाही.
पेपर: 'दुरुस्ती छापण्यासाठी कृपया कागदोपत्री आधार पाठवावा.'
शालिनी: 'सर आर यू ओके? मालक म्हणतात तुम्ही थकला आहात. आणि तुम्ही खोटं लिहिलं होतं, इसका कोई सोर्स है?'
वाचून हसू आलं आणि मग हसू थांबेना. विद्या स्वयंपाकघरातून बघायला आली. खोट्याला काही लागलं नाही, ते खोटं होतं म्हणायला आधार हवा!

११ डिसें., गुरु.
आधार आहे. सकाळी सुचलं. वहीचं ते पान. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, माझं अक्षर, वर-खाली सगळ्या प्रश्नांपुढे दोन दोन स्रोत, आणि ११४६ पुढे काही नाही.
फोटो काढला. कोरा रकाना अगदी स्पष्ट आलाय. हा बाहेर गेला की मला पुन्हा कुणी मंचावर उभं करणार नाही, हेही स्पष्ट आहे. बाकी तीन हजार प्रश्नांवरही शंका घेतील. घ्यावीच.
तिघांचे पत्ते घातले. वर अक्कांच्या हाताचा फोटोही जोडला, विद्यानं काढलेला, पाकिटाशेजारी ठेवून. विद्या म्हणाली, पाठव. म्हटलं, हो.
दुपारी अक्कांचा फोन. "झालं का रे?" म्हटलं, होतंय.
"होतंय म्हणजे? अजून नाही का? मी फोन धरते. तू कर, मी ऐकते."
फोन टेबलावर ठेवलाय. त्या ठेवत नाहीयेत. पलीकडून धने निवडल्याचा आवाज येतोय.