व्हायोलिन तिच्या मागे गेलं

प्रिय अहो,

सुखरूप आहे. खोली उबदार आहे, घसा ठीक आहे. तुमच्या मफलरला सगळे हसले, तरी मी तो काढला नाही. गुडघा काय म्हणतो? उगाच जिना चढत नाही ना?

काल मैफल छान झाली, लोक उभे राहिले. पण आलापात वरच्या पंचमाला माझा आवाज थकला, तशी शिष्या म्हणून मागे बसलेली आपली लेक चिमणी अलगद वर गेली. शिष्येनं सावरायचंच असतं. मीही माझ्या बाईंना सावरलंय. पण आमच्या कर्नाटकी गाण्यात गायिकेच्या मागोमाग व्हायोलिन जातं, आणि इतकी वर्षं माझ्या गळ्यामागून चालणारे व्हायोलिनकाका तिच्या मागे गेले. तेही डोळे मिटून!

नंतर म्हणाले, "बाई, हात आपोआप गेला हो."

मी म्हटलं, "जाऊ द्या, सवत घरचीच आहे."

सगळे हसले. चिमणी मात्र माझ्यासाठी गरम पाणी आणायला धावली. इतकी गुणी नसती, तर रागावणं सोपं गेलं असतं. मत्सर हे पाप आहे, असं शाळेत सिस्टर सांगायच्या. झालाच तर काय करायचं, ते नाही सांगितलं.

पुढच्या वर्षी आयोजकांना तिची एकटीची मैफल हवी आहे. माझी परवानगी महिनाअखेरीस कळवायची आहे. हो म्हणेनच मी. पण हे वाचून फोन कराल, तेव्हा लगेच "हो म्हण" म्हणू नका. आधी थोडा वेळ माझी बाजू घ्या.

तुमचीच